लिंबं मॅडमची घंटा

"भाजीत थोडं मीठ टाक गं," असं आईनं मावशीला सांगितलं, की आमच्या स्वयंपाकघरात ठिणगी पडलीच म्हणून समजा.

"थोडं म्हणजे?"

"थोडं म्हणजे थोडं. अंदाजानं."

"कुणाच्या अंदाजानं? तुझ्या की माझ्या?"

"तू हो बाजूला. मीच टाकते."

"टाक. खारट झाली तर मिठाला बोल लावू नकोस म्हणजे झालं."

आई मोठी, मावशी धाकटी. आई शाळेत शिकवते, त्यामुळे घरात शेवटचा शब्द आपला असतो असं तिला वाटतं. मावशी ते तिला वाटू देते.

पोटापाण्यासाठीही मावशी हेच करते, मापं विचारते. रोपवेचे ब्रेक कधी लागावेत हे ठरवणारा प्रोग्राम ती लिहिते. दोन स्टेशनांमध्ये मनगटाएवढा पोलादी दोर, दोराला लटकलेल्या केबिनी, खाली दरी. केबिनीत ड्रायव्हर नसतो. वारा किती, दोराला ताण किती, वेग किती, हे सगळं आकड्यांच्या रूपानं तारेवरून येत राहतं, आणि चालू द्यायचं, हळू करायचं की थांबवायचं, हे मावशीच्या प्रोग्रामनं ठरवायचं असतं. "शंका आली तर थांब," हे त्यांच्या मानकातलं पहिलं कलम. मानक म्हणजे या धंद्याचा नियमग्रंथ. तो इतका जाड आहे, की ऑफिसात खिडकी वाऱ्यानं आपटू नये म्हणून त्याची एक जुनी प्रत लावून ठेवलेली असते.

ऑफिसात मावशीला लिंबं मॅडम म्हणतात. एकदा एक नवीन आलेला मुलगा तिला सांगायला गेला, "मॅडम, ब्रेक पाचनंतर लागतो."

"पाच काय?"

"पाच... म्हणजे पाच."

"पाच सेकंद? पाच मीटर? की पाच लिंबं?"

दुसऱ्या दिवशी तिच्या टेबलावर कुणीतरी ओळीनं पाच लिंबं मांडून ठेवली. सगळे माना खाली घालून कामात गर्क. मावशीनं लिंबं उचलली, त्यांचं सरबत करून अख्ख्या खोलीला पाजलं आणि म्हणाली, "बघा, हा पाच पिता येतो. तुमचा पाच पिता येतो का?" नाव तेव्हापासून चिकटलं. तिला ते आवडतं. कुणी नुसतं 'मॅडम' म्हटलं, तर हा माणूस नवीन आहे हे ती लगेच ओळखते.

ज्या भाषेत ती प्रोग्राम लिहिते, ती भाषाही तिच्यासारखीच. बाकीच्या बऱ्याच भाषांत पाच आणि तीन मिळवले की आठ, मामला संपला. हिच्यात आधी ओळख करून द्यावी लागते. हा आकडा मीटर आहे, हा सेकंद आहे, हा वाऱ्याचा वेग आहे आणि तो शून्याच्या खाली कधी जाणार नाही. मग मीटरमध्ये सेकंद मिळवायला गेलात की गाडं अडलं. प्रोग्राम यंत्रात जाण्याआधी त्याची ओळन् ओळ वाचणारा जो कंपायलर असतो, तो तुम्हाला सरळ माघारी पाठवतो. ऑफिसात त्या कंपायलरला सासूबाई म्हणतात. "काय रे, जेवायला येत नाहीस?" "कसला येतोय, सासूबाईंनी पुन्हा ताट परत पाठवलं," अशी बोलणी तिथे दिवसभर चालतात.

मावशीला मात्र सासूबाईंचा कोण अभिमान. "बोलते ती तोंडावर बोलते," ती म्हणते, "आणि केबिन जमिनीवर आहे तोवर बोलते. दरीवर गेल्यावर बोलली असती तर चाललं असतं तुम्हाला?"

त्या खोलीत मी कितीदा तरी गेले आहे. लांबट खोली, एका भिंतीला मोठी काच, आणि काचेपलीकडे चाचणीचं दालन. तिथे छताच्या तुळईवरून पुढेमागे सरकणारी एक खरीखुरी केबिन टांगलेली असते आणि तिच्यात प्रवासी म्हणून वाळूची पोती बसवलेली असतात. हे ब्रेककाकांचं राज्य. ब्रेककाका म्हणजे तिथले मेकॅनिक. ब्रेकचा नुसता आवाज ऐकून पट्टी किती झिजली ते सांगणारे, आणि फावल्या वेळात पोत्यांवर खडूनं चेहरे काढणारे. एक पोतं कायम डुलक्या काढतंय, एकाचं तोंड उघडंच. आमच्या गावच्या नव्या रोपवेचं काम सुरू झालं तेव्हा त्यांनी एका पोत्याला चष्मा आणि अंबाडा काढला.

"ही कोण?" मावशीनं विचारलं.

"तुमच्या ताई. वरच्या शाळेत रोज याच रोपवेनं जाणार ना त्या? म्हटलं, आत्तापासून सवय करू."

हे घरी कळल्यावर आईनं एकच प्रश्न विचारला, "मी एवढी जाड दिसते?"

पण गंमत बाजूला ठेवली तर गोष्ट खरी होती. आईची शाळा टेकडीवरच्या वस्तीत. इतकी वर्षं ती वळणावळणाच्या रस्त्यानं बसमधून मळमळत वर जायची. रोपवे झाला की चहा गार व्हायच्या आत वर. चष्मेवालं पोतं काचेतून रोज मावशीकडे बघत बसलेलं असायचं.

आता घंटेविषयी. सासूबाईंच्या घराला एक मागचं दार आहे. कधीकधी खरोखरच नड असते, एखाद्या आकड्याचं माप अजून ठरलेलं नसतं. अशा वेळी 'हा तपासू नकोस, तसाच आत घे' असं या भाषेत सांगता येतं. फक्त ते इतक्या लांबलचक शब्दांत लिहावं लागतं, की पानावर लांबूनसुद्धा डोळ्यात भरतं. मावशीला तेवढंही पुरेसं वाटलं नाही. जुन्या रोपवेच्या खालच्या स्टेशनात केबिन सोडण्याआधी वाजवायची एक पितळी घंटा होती. ब्रेककाकांनी ती भंगारातून वाचवून आणली होती. मावशीनं ती खोलीत टांगली आणि नियम केला: मागचं दार जो उघडेल त्यानं घंटा वाजवायची, उभं राहायचं आणि का उघडलं ते सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगायचं.

सुरुवातीला हे गंभीरपणे चाललं. मग हळूहळू थट्टा सुरू झाली, आणि थट्टेत आघाडीला खुद्द मावशी. घंटा वाजली रे वाजली की ती खुर्ची गर्रकन वळवून म्हणायची, "चला, कुणाची शाळा सुटली?" खोली खो खो हसायची. उभं राहिलेल्याचे कान लाल.

मग घंटा वाजायची कमी झाली. पुढे पुढे वाजेनाशीच झाली. पाहुणे आले की मावशी घंटा दाखवून ऐटीत सांगायची, "ही आमची घंटा. आमच्याकडे वाजतच नाही!"

यात भर म्हणून आले नवे साहेब. मावशीहून वयानं लहान, बोलायला गोड आणि हिशेबी. वाईट मुळीच नाहीत, हे मावशीही कबूल करते. त्यांचं म्हणणं सरळ होतं.

"लिंबं मॅडम, ही भाषा येणारी माणसं मला मिळत नाहीत. नवीन मुलं येतात, थोडे दिवस सासूबाईंचा जाच सोसतात आणि जातात. दुसऱ्या भाषेत हेच काम निम्म्या वेळात होईल. आणि तपासणीची साधनं तिच्यासाठीही मिळतात."

"मिळतात. पण ती वरून जोडावी लागतात. आणि घाई झाली की माणूस पहिल्यांदा तीच काढून ठेवतो."

"आपली माणसं नाही काढणार."

"साहेब, घाईत आपली माणसं आपली राहत नाहीत."

शेवटी ठरलं असं, की या रोपवेचं प्रमाणपत्र मिळू दे. त्याची परीक्षा ही भाषा कशी देते ते बघू आणि मग ठेवायची की सोडायची ते ठरवू. मावशीचं अख्खं आयुष्य या भाषेत गेलेलं. घरी ती आईला म्हणाली, "ताई, परीक्षा रोपवेची आहे, पण निकाल माझा लागणार आहे."

आता पुढचं मी स्वतः पाहिलेलं नाही. पण मावशी जेवणाच्या टेबलाशी सगळ्यांचे आवाज काढून ते इतक्यांदा सांगते, की मी तिथे नव्हते यावर माझाच विश्वास बसत नाही.

टेकडीवर चाचणी चालू होती. खऱ्या दोरावर खऱ्या केबिनी, आत दालनातून आणलेली पोती. वरच्या स्टेशनात काचेच्या खोलीत पडद्यासमोर बसली होती चिमणी. ही त्यांची सगळ्यात हुशार प्रोग्रामर. बोलायला लागली की तिची चिवचिव थांबतच नाही, म्हणून चिमणी. ब्रेककाका हातब्रेकच्या दांड्यापाशी. मावशी बाहेर फलाटावर.

वारा वाढत होता. मावशीनं दारातून डोकं आत घातलं.

"वारा किती?"

"सतरा."

"सतरा काय?"

"सतरा किलोमीटर ताशी, मॅडम. हे काय, आकड्याच्या शेजारीच लिहिलंय."

लिहिलेलं होतं. आयुष्यभर जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर पडद्यावर स्वच्छ अक्षरांत होतं. मावशी समाधानानं वळली, आणि तेवढ्यात तिच्या गळ्यातला स्कार्फ तिच्याच तोंडावर फाडकन बसला. तिनं तो सोडवला. तो सुटला आणि जमिनीला समांतर, इस्त्री केल्यासारखा ताठ उभा राहिला.

"काका," ती हळूच म्हणाली, "सतरा म्हणजे झुळूक हो."

"झुळूक?" ब्रेककाका म्हणाले. "माझी टोपी दोनदा गेली सकाळपासून. सतराला माझी टोपी जात नसते."

"हातानं लावा. ब्रेक हातानं लावा!"

काकांनी दांडा खेचला. दोर कण्हला. केबिनी थांबल्या आणि घड्याळाच्या लंबकासारख्या झुलायला लागल्या. फलाटाजवळच्या केबिनीत चष्मेवालं पोतं घसरून काचेला चिकटलं होतं. अंबाड्यासकट.

मावशी गोष्ट सांगताना इथे नेहमी पाणी पिते.

उलगडा व्हायला वेळ लागला नाही. वारा मोजणारं जुनं यंत्र होतं तीन वाट्यांचं, गरगर फिरणारं. ते ताशी किलोमीटरमध्ये बोलायचं. त्याच्या जागी नवीन आलं होतं, त्यात फिरणारं काहीच नाही, नुसतं गप्प उभं. ते बोलत होतं सेकंदाला मीटर. त्याचा सतरा म्हणजे ताशी साठच्या वर. आणि साठच्या वर वारा गेला की केबिनी थांबल्याच पाहिजेत. प्रोग्राम मात्र झुळूक समजून निवांत बसला होता.

"पण मग सासूबाई झोपल्या होत्या काय?" काकांनी विचारलं.

"त्या घराच्या आतलं बघतात, काका. तारेवरून येतो नुसता आकडा, उघडाबोडका. दारात उभं राहून त्याला नाव माणूस देतो. एकदा दिलं की सासूबाई त्या नावाला जिवापाड जपतात. नावच खोटं दिलं तर खोटं जपतात." मग ती चिमणीकडे वळली. "नाव कुणी दिलं?"

"मी," चिमणी म्हणाली. तिचे शब्द पहिल्यांदाच एकेक करून पडत होते. "नव्या यंत्राची माहितीपुस्तिका आली नव्हती. म्हणून जुन्याचंच माप लिहिलं. तात्पुरतं. नंतर राहून गेलं."

"माप माहीत नव्हतं तर मागच्या दारानं घ्यायचं. घंटा वाजवायची. त्यासाठीच आहे ना ती?"

"वाजवणार होते."

"मग?"

चिमणी कीबोर्डवरची धूळ पुसायला लागली.

"अगं बोल की. मी काय खाते का तुला?"

"मागे मी वाजवली होती तेव्हा तुम्ही म्हणालात, कुणाची शाळा सुटली. मग आठवडाभर जो तो मला विचारत होता, दप्तर कुठाय, डबा खाल्लास का. म्हणून... या वेळी सासूबाईंना चालेल असं काहीतरी लिहिलं आणि गप्प बसले."

मावशीनं गळ्यातला स्कार्फ काढून त्याची घडी घातली, मग ती मोडली आणि पुन्हा घातली.

साहेबांना तिनं स्वतः जाऊन सगळं सांगितलं. ते आनंदले नाहीत, हे विशेष. टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले.

"मॅडम, मी यातून काय समजू? जे अडवायला आपण ही भाषा पोसली, नेमकं तेच तिच्या हातून निसटलं."

"माझ्या हातून निसटलं."

"तेच ते. हे बघा, अहवालात 'वारामापक बदलल्यामुळे चुकीचं माप नोंदलं गेलं, दुरुस्त केलं' एवढंच लिहिलं तरी ते खोटं नाही. घंटेचं कशाला काढायचं? तपासनीस भाषेवर घसरतील, पद्धतीवर घसरतील, प्रमाणपत्र लांबेल. आणि मग भाषेच्या बाजूनं बोलायला मलाही जागा उरणार नाही. मी तुमच्याच भल्याचं सांगतोय."

भल्याचंच सांगत होते. मावशीनं एक दिवसाचा वेळ मागून घेतला.

तो रविवार मला आठवतो. दुपारी आई आणि मावशी मटार सोलत बसल्या होत्या. मावशी दाणे वाटीत टाकायच्या ऐवजी सालांत टाकत होती.

"म्हणजे तुझ्या धाकानं पोरगी गप्प बसली," सगळं ऐकून आई म्हणाली.

"धाक कसला? गंमत करत होते मी."

"गंमत करणाऱ्याला ती गंमत असते. माझ्या वर्गात एखाद्या दिवशी कुणीच हात वर करत नाही. नवीन होते तेव्हा मला वाटायचं, वा, सगळ्यांना सगळं समजलं! परीक्षेत कळायचं काय समजलं ते."

मावशी थांबली. हातातली शेंग तशीच.

"ताई, मी पाहुण्यांना काय सांगते ठाऊक आहे? आमच्याकडे घंटा वाजतच नाही."

"हं. आणि दाणे वाटीत टाक, डुकरांना नाही घालायचेत."

सोमवारी मावशीनं साहेबांना सांगितलं, अहवालात सगळं जाईल. "अर्धं माप लिहायची मला सवय नाही." आणि ती आणि चिमणी शेजारी शेजारी बसून कामाला लागल्या.

दारातली व्यवस्था त्यांनी मुळापासून बदलली. आता आकड्याला नाव देणं माणसाच्या हातात ठेवलंच नाही. यंत्रानंच तारेवरून आधी आपलं माप सांगायचं आणि मग आकडा द्यायचा. माप सांगितलं नाही, किंवा अपेक्षेपेक्षा वेगळं सांगितलं, तर आकडा आत घ्यायचा नाही आणि ब्रेक लावायचा. शंका आली तर थांब.

मग चिमणीनं वाऱ्याच्या आकड्याची ओळख प्रोग्रामात बदलली. एका जागी, एकच ओळ. आणि सासूबाईंनी जो काही थयथयाट केला! वाऱ्याचा वेग जिथे जिथे वापरला होता ती प्रत्येक जागा त्यांनी बोट ठेवून दाखवली: इथे जुनं माप, तिथे जुनं माप, हा हिशेब आता बसत नाही. चिमणी एकेक दुरुस्त करत गेली. मागे उभे राहून साहेब बघत होते.

"ही एवढी ठिकाणं आहेत, आपल्याला माहीत होती?" त्यांनी विचारलं.

"निम्मी माहीत होती," चिमणी म्हणाली.

"आणि दुसऱ्या भाषेत ही कशी सापडली असती?"

"डोळ्यांनी शोधावी लागली असती, साहेब. चाचणीत काही सापडली असती. बाकीची..." तिनं काचेपलीकडच्या केबिनीकडे बघितलं आणि वाक्य तिथेच सोडलं.

साहेब खुर्ची ओढून तिथेच बसले आणि काम संपेपर्यंत उठले नाहीत.

तपासनीस आले ते खोकल्याची गोळी चघळत. उंच, वाकलेले, प्रश्न विचारताना चष्मा काढायचे आणि उत्तर ऐकताना परत घालायचे. चाचणीच्या दालनात, टांगलेल्या केबिनीशेजारीच सगळे बसले. अहवाल त्यांनी वाचून आणला होता.

चष्मा निघाला. "तुमच्या संरक्षणातलं नेमकं काय निकामी झालं?"

साहेबांनी मावशीकडे बघितलं. मावशी उभी राहिली.

"घंटा."

चष्मा चढला.

"भाषेनं तिला सांगितलं तेवढं चोख केलं. तारेपलीकडचं तिला दिसत नाही. तिथे माणसानं 'मला माहीत नाही' असं म्हणायचं असतं. तेवढ्यासाठी मी घंटा बांधली होती. आणि जो वाजवेल त्याला हसायची पद्धतही मीच पाडली. मग लोकांनी वाजवणं सोडलं आणि सासूबाईंचं समाधान होईल असं काहीतरी लिहायला लागले. घंटा वाजत नाही म्हणून मी मिरवत होते. ती वाजत नव्हती, तेव्हाच मला काळजी वाटायला हवी होती."

"सासूबाई कोण?" तपासनिसांनी विचारलं.

ब्रेककाकांना ठसका लागला.

चिमणीनं उभं राहून समजावून सांगितलं, न चुकता, भरभर, आपल्या नेहमीच्या वेगानं. तपासनीस पहिल्यांदा हसले. म्हणाले, "दाखवा तर मग."

केबिन चालू केली. नवं यंत्र जोडलेलं, आकडा येतोय, चाक फिरतंय. मावशीनं काकांना खूण केली. काकांनी नव्या यंत्राची तार उपसली आणि तिथे जुनं वाट्यांचं यंत्र जोडलं. वाट्यांना एक टिचकी मारली. आकडा आला, पण आपलं माप सांगणं त्या बिचाऱ्याला येतच नव्हतं.

धप्प!

ब्रेक असा बसला, की डुलक्या काढणारं पोतं पुढच्या पोत्यावर आदळलं आणि उघड्या तोंडाचं बाकावरून खाली. चष्मेवालं मात्र ताठ. काका नंतर शपथेवर सांगायचे, की त्यांनी ते बांधलेलं नव्हतं.

तपासनिसांनी केबिनीकडे, पोत्यांकडे, काचेपलीकडच्या घंटेकडे निवांत बघितलं. मग साहेबांना विचारलं, "पुढे भाषा बदलायचा तुमचा विचार आहे असं ऐकलं?"

साहेब उठले.

"होता," साहेब म्हणाले. "माणसं मिळत नाहीत, ही अडचण माझी अजूनही आहे. पण एक ओळ बदलल्यावर पुढची प्रत्येक जागा कुणी दाखवून दिली ते मी समोर बसून बघितलंय. ब्रेकची भाषा तीच राहील. नवीन मुलांना ती शिकवायची सोय आपण करू. केबिनीतला माहितीचा पडदा मात्र दुसऱ्या भाषेत करू द्या, मॅडम. तो ब्रेकला काही सांगू शकणार नाही, फक्त ऐकेल."

"पडदा तुम्ही कुठल्याही भाषेत रंगवा," मावशी म्हणाली. "मला काय त्याचं!"

प्रमाणपत्र मिळालं. पण मावशी सांगते ती गोष्ट इथे संपत नाही, ती पुढच्या सकाळी संपते. सगळे कामाला बसलेले असताना मावशी उठली, भिंतीपाशी गेली आणि टण् टण् टण् घंटा वाजवली. हसायचं की नाही, कुणाला कळेना.

"दोराच्या ताणाच्या नव्या यंत्राचं माप," मावशी खणखणीत आवाजात म्हणाली, "मला माहीत नाही. यंत्र ते स्वतः सांगत नाही, म्हणून मी ते मागच्या दारानं घेतलंय. ते कळेपर्यंत केबिन हलणार नाही."

चिमणी म्हणाली, "बसा मॅडम. शाळा सुटली नाही, भरलीय."

आता तिथे घंटा रोज वाजते. परवा साहेबांनीही वाजवली. पाहुणे आले की मावशी त्याच ऐटीत सांगते, "आमच्याकडे? अहो, दिवसातून कितीदा तरी वाजते!"

रोपवे सुरू झाल्यावर काही दिवसांनी आई, मावशी आणि मी सकाळच्या केबिनीत बसलो होतो. आई शाळेच्या गडबडीत, मांडीवर तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा. केबिन भरलेली. दरीच्या मधोमध वारा आला, केबिन हळू झाली आणि मग अलगद थांबली.

"झालं!" समोरचे गृहस्थ म्हणाले. "नवीन आहे म्हणे. कसलं भंगार बनवून ठेवलंय."

"मला पहिला तास आहे," आई कुजबुजली. "तुझ्या यंत्राला आत्ताच थांबायचं होतं?"

मावशीचं लक्षच नव्हतं. ती काचेला नाक लावून दोराकडे बघत होती, आणि तिचा चेहरा असा झाला होता जसा आईचा, वर्गातलं अबोल पोर अचानक धडा घडाघडा म्हणायला लागलं की होतो.

"थांबली," ती म्हणाली. "बघ ताई, थांबली! कुणी सांगितलं नाही तिला."

"अहो, थांबली ते आम्हालाही दिसतंय," गृहस्थ म्हणाले. "का थांबली ते विचारतोय."

"वारा आलाय," मावशीनं मान ताठ करून सांगितलं, "आणि तिला तो कळलाय."

आईनं चष्मा वर सरकवला. दाराच्या वर साहेबांचा तो रंगीत पडदा होता. त्यावरचा आकडा तिनं मोठ्यानं वाचला.

"बासष्ट." मग बहिणीकडे वळून, वर्गात विचारते तशा आवाजात म्हणाली, "बासष्ट काय?"

मावशी इतकी हसली, की तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"किलोमीटर," ती म्हणाली. "ताशी. खरे."

"मग थांबू दे," आई म्हणाली, आणि वह्यांचा गठ्ठा नीट लावून बसली.